बाविसाव्या वर्षी सायकल

हॉलंडला शिकायला जायचं नक्की झालं, तेव्हा आमच्या घरात बोलणं झालं ते थंडीचं, जेवणाचं आणि विमानतळावर एकटीने कसं निभावायचं याचं. मला सायकल येत नाही, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्या स्वतःच्याही नाही. पोहता येत नाही, पेटी वाजवता येत नाही, तशी सायकल येत नाही. त्यात काय एवढं.

आमचं घर नवीन पनवेलला. बाबा न्हावा शेव्याच्या बंदरात येणाऱ्या मालाचं कामकाज बघणाऱ्या एका कंपनीत, आई शाळेत गणित शिकवायची. माझ्या वर्गातल्या मुली सायकलने क्लासला जायला लागल्या तेव्हा मीही हट्ट धरला होता. बाबा एरवी हट्ट पुरवणारे, पण या एका गोष्टीला त्यांनी सरळ नाही म्हटलं. "इथून ट्रेलर जातात," एवढंच कारण. आमच्या गल्लीतून ट्रेलर काय, दुधाचा टेम्पोही मुश्किलीने वळायचा. पण गल्ली संपली की मोठा रस्ता होता आणि त्यावरून बंदराकडे जाणारे कंटेनर सतत धडधडत असायचे, हेही खरं. मी रिक्षाने क्लासला गेले, पुढे बसने कॉलेजला, आणि सायकल विसरून गेले.

ही गोष्ट दोन हजार आठच्या आसपासची. शेतीच्या पाण्याचं नियोजन हा माझा विषय, आणि त्यासाठी हॉलंडमधल्या एका लहानशा विद्यापीठाच्या गावात मला प्रवेश मिळाला होता. परदेशी जायचं म्हटल्यावर आमच्या बिल्डिंगमध्ये सल्ला विचारायचा तो तळमजल्यावरच्या चाचांना. चाचा वीसेक वर्षं मस्कतला होते, आता पनवेलच्या बाजारात सुक्यामेव्याचं दुकान चालवायचे. माझी बॅग भरायच्या दिवशी त्यांनी दुकान मुलावर टाकलं आणि आमच्या हॉलमध्ये येऊन बसले. त्यांच्या देखरेखीखाली आईने तीन वेळा बॅग भरली आणि दोन वेळा उपसली. लोणचं आत गेलं, बाहेर आलं, पुन्हा आत गेलं. ओढण्यांवरून वाद झाला. मी म्हटलं, तिथे कोण पंजाबी ड्रेस घालणार आहे? आई म्हणाली, ओढणी कशालाही उपयोगी पडते. शेवटी चाचांनी खिशातून हिरवी नायलॉनची दोरी काढली आणि बॅगेला उभी-आडवी अशी काही बांधली, की बॅगेचं पार्सल झालं.

"फिकीर करू नकोस बेटा," ते म्हणाले, "आता ही बॅग विमानातून खाली पडली तरी उघडायची नाय."

विमानातून ती पडली नाही. मीही नीट पोचले. विमानतळाच्या पोटातूनच आगगाडी निघत होती, ती मला मिळाली, आणि पुढे एका जागी गाडी बदलायची होती तीही मी बदलली. बाहेर सगळं सपाट होतं. कुठेही डोंगर नाही. पनवेलला कुठल्याही गच्चीवर गेलं तरी कर्नाळ्याचा सुळका नाहीतर माथेरानची रांग दिसते. नजर कशाला तरी टेकते. इथे नजर जायची ती जातच राहायची. हिरवी शेतं, पाण्याचे सरळ चर, गाई, पुन्हा शेतं.

खोली मला विद्यापीठाने शोधून दिली होती, एका बाईंच्या घरात. बाई एकट्या राहायच्या. बसस्टॉपवर घ्यायला येते असं त्यांनी कळवलं होतं. मी मनात मोटार धरून बसले होते. बस थांबली तर समोर पांढऱ्या आखूड केसांच्या, सहा फुटांना थोड्या कमी असतील अशा आजी उभ्या, आणि हातात सायकल. त्यांनी माझा हात हलवला, नाव सांगितलं, माझी बॅग दोन्ही हातांनी उचलून सायकलच्या कॅरिअरवर आडवी टाकली आणि म्हणाल्या, "तू मागून धर." अशी आमची वरात निघाली. पुढे त्या, मध्ये चाचांचं पार्सल, मागे मी.

त्यांना काय हाक मारायची हा पहिला प्रश्न. त्या म्हणाल्या, नावाने मार. आईपेक्षा वीस वर्षांनी मोठ्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. मग मी हाकच मारायची नाही असं ठरवलं. काही हवं असलं की त्यांच्या नजरेसमोर जाऊन उभी राहायची. मनात मात्र मी त्यांना बाई म्हणायला लागले, आणि अजूनही म्हणते.

बॅगेची दोरी काही सुटली नाही. मी प्रयत्न केला, बाईंनी चष्मा लावून प्रयत्न केला. शेवटी त्या बागेतली फांद्या छाटायची कात्री घेऊन आल्या. दोरी कापताना त्यांनी विचारलं, कोणी बांधलीय ही? शेजारच्या काकांनी, मी म्हटलं. "त्यांना बोटीवर काम मिळेल," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नवीन विद्यार्थ्यांची ओळख करून द्यायचा कार्यक्रम होता. घर गावाच्या एका टोकाला, विद्यापीठ दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे. बस तासाला एक, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. मी चालत निघाले. चालताना लक्षात आलं की रस्त्यावर चालणारी मी एकटीच आहे. शाळेची पोरं, कोटटाय घातलेले साहेब, पुढच्या पेटाऱ्यात दोन मुलं बसवून चाललेल्या आया, कुत्र्याला टोपलीत घेतलेले आजोबा, सगळे सायकलवर. एक बाई तर एका हाताने सायकल चालवत दुसऱ्या हाताने दुसरी रिकामी सायकल घेऊन चालली होती. पोचायला तासभर लागला. तिथे पोचले तर मैदानात सगळी मंडळी आपापल्या सायकली धरून उभी. कार्यक्रमातली पहिली गोष्टच ती होती: सायकलवरून गावाची सफर.

माझ्या शेजारी इंडोनेशियाची एक मुलगी उभी होती, डोक्याला निळा रुमाल बांधलेली. तुझी सायकल कुठाय, तिने विचारलं. मला येत नाही, असं मी हळूच सांगितलं. तिने कॅरिअरवर थाप मारली. "बस." पनवेलला स्कूटरवर मागे बसायची सवय होती, तशी मी एका बाजूला पाय सोडून बसले, आणि तिच्या पाठीआडून चर्च, बाजार, वाचनालय, पवनचक्की वगैरे पाहिलं. खरं तर मी त्यातलं निम्मं पाहिलं नाही. वळणं आली की डोळे मिटत होते.

बाई संध्याकाळी सहाच्या ठोक्याला जेवायच्या. पहिल्या आठवड्यात जेवण त्यांच्याकडेच होतं. उकडलेले बटाटे, फरसबी, आणि माझ्यासाठी मांसाऐवजी चीजचा एक जाड तुकडा. जेवता जेवता त्यांनी विचारलं, परत कशी आलीस? चालत, मी म्हटलं. सायकल कधी घेणार आहेस? तेव्हा मी सांगून टाकलं.

बाईंनी काटा खाली ठेवला. पाय दुखतो का, तोल जातो का, डोळ्यांचं काही आहे का, असं त्यांनी एकामागोमाग विचारलं. काही नाही, मी म्हटलं, शिकलेच नाही. यावर त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मग त्यांनी आपल्याबद्दल सांगितलं. बाई सुईण होत्या. त्या देशात बाळंतपणं घरी करायची पद्धत होती आणि अजूनही पुष्कळ होतात. बाईंनी जन्मभर तेच काम केलं, आणि आजूबाजूच्या सगळ्या गावांतून त्या सायकलनेच हिंडल्या. बर्फातसुद्धा.

"या गावातली अर्धी माणसं माझ्या हातात आली," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाच्या आईने मला सांगितलं होतं, 'मला हे जमणार नाही.' उद्या सकाळी नाश्ता झाला की सुरुवात करू."

मला नको म्हणायला जागाच ठेवली नाही त्यांनी.

शनिवारी सकाळी त्यांनी मागच्या शेडमधून आपली जुनी काळी सायकल काढली. बैठक खाली केली. तरी ती मला उंचच होती. मग पान्याने त्यांनी दोन्ही पेडल काढून टाकली. मी बघतच राहिले. सायकल शिकायची आणि पेडलच नाहीत? आधी तोल, मग पाय, त्या म्हणाल्या. घरामागे मक्याच्या शेताला लागून एक रस्ता होता, पुढे बंद होणारा. तिथे मी त्या बिनपेडलच्या सायकलवर बसून दोन्ही पायांनी जमीन ढकलत पुढे जायचं, बदकासारखं. शेजारच्या कुरणातल्या मेंढ्या कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. रस्त्यावरून बालवाडीतली मुलं आपापल्या सायकलींवरून जात होती आणि मान वळवून बघत होती. मला हसू यायला लागलं, आणि हसताना पाय उचलले गेले, आणि सायकल तशीच थोडी पुढे गेली. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. "हं," म्हणाल्या, आणि खिशातून पाना काढून पेडल बसवायला लागल्या.

त्या सायकलला हाताचा ब्रेक नव्हता. पेडल उलटं मारलं की ती थांबायची. हे माझ्या डोक्यात गेलं, पायात जायला वेळ होता. बाईंनी विचारलं, तुझ्याकडे एखादा लांब मजबूत कपडा आहे का? मी घरात जाऊन ओढणी आणली. आईने कोंबलेली, पिवळी, लहरियाची. बाईंनी ती माझ्या काखेखालून छातीभोवती घेतली आणि दोन्ही टोकं मागे हातात धरली. सायकल धरायची नाही, माणूस धरायचा, ही त्यांची रीत. मी चालवायला लागले आणि सत्तरीला आलेल्या त्या उंच बाई ओढणीची टोकं धरून माझ्यामागे धावायला लागल्या.

"श्वास घे," त्या मागून सांगत होत्या. "तू श्वास कोंडून धरला आहेस. सोड. आता आत घे. आता जोर लाव."

हे सगळं त्या कुठल्या सवयीने बोलत होत्या ते माझ्या लक्षात आलं आणि मी पुन्हा हसायला लागले. हसण्यात ओढणी कधी सुटली ते कळलं नाही. बरीच पुढे गेल्यावर मागून आवाज येईना म्हणून मी वळून पाहिलं. बाई लांब उभ्या होत्या, ओढणी खांद्यावर टाकून. तेवढ्यात रस्ता संपला. उलटं पेडल मारायचं हे आठवलं नाही, आणि मी सायकलसकट शेताच्या कडेच्या चरात गेले.

चर खोल नव्हता. कमरेइतकं पाणी, वर हिरव्या बारीक पानांचा जाड थर. मी उभी राहिले तेव्हा केसांपासून हातांपर्यंत हिरवी झाले होते, आणि हनुवटीला हँडल लागून सणकून दुखत होतं. बाईंनी आधी मला बाहेर काढलं, हनुवटी दोन बोटांनी दाबून पाहिली, दात मोजल्यासारखे पाहिले, मग सायकल काढली. घरी आल्यावर अंगणात उभं करून पाइपने धुतलं. ऑगस्टमध्येही ते पाणी बर्फाचं वाटलं. आंघोळ करून, सगळे स्वेटर अंगावर घालून मी खोलीत बसले आणि तेव्हा पहिल्यांदा मला रडू आलं. हनुवटीसाठी नाही. अंगाला चिखलाचा वास येत होता आणि तो आमच्याकडच्या चिखलासारखा नव्हता, एवढ्याने. थोड्या वेळाने बाई दार वाजवून सूप ठेवून गेल्या.

रविवारी घरी बोलायचं ठरलं होतं. आई-बाबा स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाणार होते, मी विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर. तिथवर पुन्हा चालत गेले. पडद्यावर आधी आईचं कपाळ दिसलं, मग आई, मग तिच्या खांद्यावरून वाकलेले बाबा. कान एकच होता, म्हणजे हेडफोन, तो आईकडे. तिने जेवलीस का, झोप लागते का, बाई कशा आहेत, हे विचारून घेतलं. तेवढ्यात बाबांनी हेडफोन काढून घेतला.

"हनुवटीला काय झालंय?"

"पडले. सायकल शिकतेय."

मला वाटलं चित्र अडकलं. तसं ते आधी दोनदा अडकलं होतं. पण मागे आई हलत होती. बाबाच हलत नव्हते. मग त्यांनी विचारलं की रस्त्यावर ट्रेलर असतात का. मी सांगितलं, इथे सायकलींचा रस्ताच वेगळा आहे, लाल रंगाचा, मोठ्या गाड्यांना तिथे येता येत नाही, चौकात सायकलवाल्यांसाठी वेगळा सिग्नल आहे. ते एकेक विचारत गेले. किती रुंद? मध्ये कठडा आहे की नुसता पट्टा? वळणारी गाडी थांबते का? बंदरावरच्या कामाबद्दल बोलताना ते असे विचारायचे.

मग आई त्यांच्या कानाशी मोठ्याने बोलली, ते मलाही ऐकू आलं. "आता सांगा तिला, कर्नाळ्याला तुम्ही कशाने जायचात ते."

तेव्हा मला कळलं की बाबा सायकल चालवायचे. नुसते चालवायचे नाहीत, सायकलवेडे होते. मी अगदी लहान असताना त्यांचं ऑफिस पनवेलच्या जवळ, उरण रस्त्यावर होतं. ते आणि त्यांच्याबरोबर काम करणारा एक मित्र, दोघं रोज सायकलने जायचे, आणि रविवारी पक्षी बघायला कर्नाळ्याला. बंदर वाढलं तशी त्या रस्त्यावर मोठ्या गाड्यांची वर्दळ सुरू झाली. एका सकाळी कामावर जाताना ट्रेलरच्या मागच्या चाकाने मित्राला ओढलं. तो वाचला, पण पाय गेला, आणि तो नोकरी सोडून गावी निघून गेला. बाबा त्याच्या पुढेच होते. त्यांनी त्या आठवड्यात आपली सायकल देऊन टाकली.

हे सगळं त्यांनी सायबर कॅफेच्या त्या खोक्यात बसून, शेजारी कोणीतरी गेम खेळत असताना सांगितलं. मी विचारलं की मला आधी का नाही सांगितलंत.

"तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस," ते म्हणाले. "मी एकटा घाबरत होतो तेवढं पुरे होतं."

मग त्यांनी विचारलं, "चढ आहेत का तिकडे?"

"नाही बाबा. इथे चढच नाही. सगळं सपाट."

"मग काय मजा," बाबा म्हणाले, आणि हेडफोन आईला दिला.

पुढचे तीन-चार दिवस मी सकाळी आणि संध्याकाळी त्या बंद रस्त्यावर सायकल चालवली. मेंढ्यांना कंटाळा आला, त्या यायच्या बंद झाल्या. ओढणीची गरज संपली. बसणं जमलं, जाणं जमलं, थांबणंही जमलं. फक्त उतरणं जमेना. थांबले की सायकल एका बाजूला आणि मी दुसऱ्या. बाई म्हणाल्या, ते कोणी शिकवत नाही, ते होतं. गुरुवारी लेक्चरं सुरू होणार होती. त्या दिवशी सकाळी त्यांनी सायकल दारात आणून ठेवली, घंटी वाजवून पाहिली आणि त्या आत निघून गेल्या. मला वाटलं होतं त्या बरोबर येतील.

पहिल्या सिग्नलला मी पडले. पाठीमागच्या आजोबांनी मला उठवलं, आपल्या भाषेत काहीतरी समजावलं आणि हिरवा दिवा लागल्यावर हाताने जा म्हणाले. त्यानंतर समोरून वारा लागला. चढ नाही म्हणून मी बाबांना सांगितलं होतं, ते चुकीचं होतं. तिथला चढ म्हणजे वारा. पायात गोळे येईपर्यंत पेडल मारली तरी सायकल जागच्या जागी. दुसऱ्या बाजूने येणारी मंडळी मात्र हात सोडून निवांत चालली होती. विद्यापीठाच्या फाटकापाशी ती इंडोनेशियाची मैत्रीण दिसली. तिने मला सायकलवर पाहिलं आणि आपली सायकल उभी करून वाट बघत थांबली. मी तिच्यासमोर थांबले, डावा पाय टेकला, उजवा काढला, आणि उभी राहिले. कसं उतरले ते मला आजही सांगता येणार नाही.

"आता मला मागे बसव," ती म्हणाली. ते मात्र मला पुढे दोन महिने जमलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी बाई मला त्यांच्या बहिणीकडे घेऊन गेल्या. बहीण नदीपलीकडच्या गावात राहायची. पूल खूप दूर होता, म्हणून सायकलवाल्यांसाठी एक छोटी तर होती, पलीकडे नेणारी होडी. तरीवर आम्ही दोघी सायकली धरून उभ्या राहिलो. ती होडी चालवणारा माणूस तिशीचा, लाल दाढीचा. बाई त्याच्याशी काहीतरी बोलल्या, तो हसला आणि मला इंग्रजीत म्हणाला, "तुम्हालाही यांनीच जोर लाव म्हणून सांगितलं का? माझ्या आईला सांगितलं होतं."

पलीकडे उतरल्यावर वारा पुन्हा समोरून. बाई म्हणाल्या, माझ्या अगदी मागे राहा, वारा मी खाते. मी त्यांच्या रुंद पाठीमागे राहून पेडल मारत राहिले. खरंच, तिथे वारा कमी होता. दोन्ही बाजूंना सफरचंदाची झाडं होती, फांद्या फळांनी खाली आलेल्या. बहिणीने आमच्यासाठी सफरचंदाचा केक केला होता. तो अजून गरम होता, आणि मी बाईंच्या बहिणीसमोर, अजिबात न लाजता, तिसरा तुकडा मागून घेतला.